खोली सात

माझं काम खुर्चीवर बसायचं, आणि उठायचं.
कुणी रेघेच्या आत पाऊल टाकलं की म्हणायचं,
कृपया, एक मीटर.
रविवारी पन्नासदा म्हणते. सोमवारी आम्ही बंद.

या हंगामात माझ्या वाट्याला एक जाळं आलंय.
छतापासून जमिनीपर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
नायलॉनचं, निळं, हिरवं, मधेच चहाच्या चोथ्यासारखं.
पाटीवर लिहिलंय:
अपोंडी ओगाडा, जन्म किसुमू, केनिया.
साहित्य: सापडलेल्या वस्तू.

माझ्या छातीवरचं नाव वाचून लोक विचारतात,
झुल्मीरा, तुमच्याकडचं का हो हे?
मी सांगते, मी मिंडेलूची. बेट आहे, अटलांटिकमध्ये.
हिचं तळं खंडाच्या पार त्या अंगाला.
रॉटरडॅमहून मला माझं घर जवळ पडेल.
ते मान हलवतात,
म्हणजे, हो, तुमच्याकडचंच.

एका गुरुवारी टीकाकार आले.
सतरा मिनिटं थांबले. घड्याळ बघायचं नाही तर
मी दुसरं काय बघू?
पुरवणीत छापून आलं: एका खंडाची जखम.
कचऱ्यातून उमललेलं सौंदर्य.
आणि उजवीकडे वर सुटत आलेली ती गाठ,
इतिहासाने अर्धवट सोडलेलं वाक्य.

ती गाठ त्यांच्या आधी मी पाहिली होती,
दुसऱ्याच आठवड्यात. वर कळवलं.
हातमोजे घातलेला एक मुलगा आला,
बॅटरी मारली, फोटो काढला, फॉर्म भरला,
म्हणाला, मूळचंच असेल, राहू दे.
आता तर छापूनही आलं. आता कोण बांधणार?

माझे वडील अंगठ्याने जाळ्याचा डोळा मोजायचे.
अंधारात. बोलता बोलता.
म्हणून एका रिकाम्या दुपारी
मी खुर्चीतूनच मोजायला लागले.
डाव्या टोकाला पंजा आरपार जाईल एवढा डोळा.
मग तीन बोटं.
मग दोन.
उजव्या कोपऱ्यात करंगळीचं टोकही जाणार नाही.
म्हणजे मासाच लहान होत गेला की,
वर्षामागून वर्ष, डावीकडून उजवीकडे.
मी उठून उभी राहिले. खोलीत कुणी नव्हतं
ज्याला कृपया म्हणावं.

शेवटच्या दिवशी ती स्वतः आली.
थंडीने वैतागलेली, पिशवीत दोन संत्री,
मागे संचालक, संचालकांच्या मागे ग्लासं.
तिने पाटी वाचली. सापडलेल्या?
ओडोंगोकडून किलोवर घेतलंय हे.
दोन दिवस घासाघीस केली. पावत्या आहेत माझ्याकडे.
सगळे हसले. तिने विनोद केला असं त्यांना वाटलं.

मग तिला ती गाठ दिसली.
अगं बाई, ही सुटलीय,
म्हणून रेघ ओलांडून सरळ आत,
टाचा उंच, एक टोक हातात, एक दातात,
आणि भोंगा वाजायला लागला.

सगळे माझ्याकडे बघत होते.
नोकरी ती नोकरी. मी जवळ गेले.
कृपया, एक मीटर.
ती वळली, दातात दोरा तसाच.
मी आवाज खाली घेऊन विचारलं,
शेवटचा डोळा कुठल्या माशाचा?

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच.
दोऱ्याआडून म्हणाली, ओमेना.
बोटाएवढा. आता तेवढाच येतो.

कुणीतरी भोंगा बंद केला. गाठ बसली होती.
हातमोजेवाला मुलगा फॉर्म घेऊन धावत आला,
'कारण' या रकान्यात काय लिहू, विचारत राहिला,
आधी संचालकांना, मग मला.

ती माझ्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होती.
खोलीत खायला सक्त मनाई आहे.
मी दाराकडे तोंड करून उभी राहिले.